गल्ल्याचा आकडा आणि आमची माणसे

सिनेमाच्या गल्ल्यावर ह्या पानांतून लिहावे काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ कार्यकर्त्या मित्राने मला केला. चित्रपट हा भांडवलदाराचा धंदा, त्याचा नफा-तोटा त्याने मोजावा, आपण त्याच्या वहीत कशाला डोकवायचे, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला हे ठीक वाटते. परंतु सोमवारी सकाळी कल्याणहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये कान उघडे ठेवून उभे राहावे. कोणत्या चित्रपटाने तीन दिवसांत किती कोटी केले, कोणाचा दुसरा शुक्रवार पडला, कोणता नट उताराला लागला, हे सारे उल्हासनगरच्या, कोळसेवाडीच्या, वागळे इस्टेटच्या वस्त्यांतली आमची पोरे क्रिकेटच्या धावांसारखे तोंडपाठ सांगतात. आणि दुसरीकडे, परिसंवादाच्या व्यासपीठावरून प्रस्थापित समीक्षक तोच आकडा आमच्या तोंडावर फेकतो. दलितांच्या जगण्यावरचा चित्रपट पडला की तो म्हणतो, 'लोकांना हे नको आहे.' चालला की म्हणतो, 'बघा, आता जात उरली कुठे?' आकडा कोणताही असो, निष्कर्ष आमच्या विरुद्धच निघतो. तेव्हा हा आकडा तयार कसा होतो, त्यात कोण मोजला जातो आणि कोण सुटतो, हे आपणच तपासलेले बरे.

मी ह्या आकड्यांच्या नादी लागलो तो शाळेत असताना. आम्ही कल्याण पूर्वेला राहायचो, वडील रेल्वेत होते. घरात येणाऱ्या वर्तमानपत्रातील चित्रपटांच्या जाहिराती मी एका दोनशेपानी वहीत उतरवून घ्यायचो. त्या काळी जाहिरातीत कोटी नसत, आठवडे असत. मोठ्या अक्षरांत मुंबईचे मुख्य चित्रगृह, खाली बारीक अक्षरांत ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि पुढे रोज किती खेळ ते. आठवडा बदलला की जाहिरातीतला आकडा एकाने वाढे. बारीक अक्षरांतले आमच्या गावाचे नाव कोणत्या आठवड्यात गळाले, ह्याची नोंद हा माझा छंद. वडिलांना तो बिनकामाचा वाटे. पण पगाराच्या आठवड्यात कोणता चित्रपट अजून शिल्लक आहे, हे ते मलाच विचारत.

ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला ह्या चित्रगृहांची नावे सांगायला नकोत. ठाण्यात वंदना, मल्हार, गणेश, प्रभात, अशोक, आराधना, पूर्वेला आनंद, डोंबिवलीत टिळक, गोपी, मधुबन, कल्याणात कृष्णा. त्यातली कित्येक इमारतीनिशी गेली, काहींच्या जागी मॉल झाले, पण नावे रिक्षावाल्यांच्या आणि कंडक्टरांच्या तोंडी राहिली. ठाण्याच्या एसटी स्टँडला आजही लोक वंदना म्हणतात. ह्या चित्रगृहांबद्दल मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्या आईवडिलांच्या पिढीला गावात पाणवठा वेगळा, पंगत वेगळी. शहरात आल्यावर भाड्याच्या खोलीसाठी आडनाव विचारले जाई. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाने मात्र आडनाव कधी विचारले नाही. पैसे ठेवा, तिकीट घ्या. आत गेल्यावर भेद होताच, पण तो पैशाचा: पुढे स्टॉल, मागे अप्पर स्टॉल, वर बाल्कनी. ही समता होती असे मी म्हणणार नाही. परंतु एका अंधाऱ्या दालनात सगळ्या जातींची माणसे एकाच वेळी हसत-रडत होती, आणि पुढच्या बाकांवरच्या माणसाच्या शिट्टीने चित्रपटाचे भवितव्य ठरत होते, ही साधी गोष्ट नव्हती.

भवितव्य ठरत होते ते असे. चित्रगृहाचा मालक आठवड्याचे भाडे घेई किंवा ठरलेली टक्केवारी. आठवड्याचा गल्ला एका ठरावीक आकड्याच्या खाली आला की चित्रपट उतरवण्याचा त्याला अधिकार असे. वर राहिला तर चित्रपट पुढे चाले. म्हणजे प्रश्न एवढाच की, माणसे येत राहतात की नाही. आज न आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात आला तरी त्याचे तिकीट तितकेच मोलाचे. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, पन्नासांचा सुवर्णमहोत्सव ही मोजपट्टी त्यातूनच आली. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. दादा कोंडके ह्यांच्या लागोपाठच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. दादांच्या द्वयर्थी संवादांना नाक मुरडणारे पुष्कळ होते. पण त्या पंचवीस आठवड्यांमागे बाल्कनी नव्हती, स्टॉल होता. गिरणीतला, गोदीतला, कारखान्यातला माणूस होता. आठवड्यांच्या मोजणीत गरीब माणसाला मत होते, कारण त्याला सवडीने यायला वेळ होता.

आता कोटींची मोजणी आली. ती समजून घेण्यासाठी तीन शब्द लक्षात ठेवावे लागतात: ग्रॉस, नेट आणि शेअर. तिकीटखिडकीवर जमलेली सगळी रक्कम ती ग्रॉस. त्यातून सरकारचा कर वजा केला की उरते ती नेट. नेटमधून चित्रगृहाचा वाटा वजा जाता वितरकाच्या हाती येतो तो शेअर, आणि वितरकाकडून निर्मात्याला काय मिळते हा त्यापुढचा मामला. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स ह्यांच्यात ह्या वाट्यावरून तंटा झाला, एप्रिलपासून जूनपर्यंत नवे चित्रपट लागलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी की, नेटमधून पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के. वाचकांनी ह्या उतरत्या आकड्यांकडे नीट पाहावे. वितरकाला पहिल्या आठवड्याच्या रुपयातून आठ आणे मिळतात, चौथ्या आठवड्याच्या रुपयातून तीस पैसे. मग त्याने चौथ्या आठवड्यात येणाऱ्या माणसाची वाट का पाहावी? त्याचे सारे लक्ष, सारी जाहिरात, सारे पडदे पहिल्या तीन दिवसांवर. आमची पोरे लोकलमध्ये 'वीकेंड'चा आकडा सांगतात तो इथून जन्मला आहे.

वर्तमानपत्रांत, मोबाइलवर जो आकडा येतो तो ह्या तिघांपैकी कोणता, हे बहुधा लिहिलेले नसते. निर्मात्याची जाहिरात ग्रॉस सांगते, कारण ती मोठी दिसते. व्यापारी विश्लेषक नेट सांगतात. आणि हा आकडा तपासून शिक्का मारणारी सरकारी यंत्रणा आपल्या देशात नाही. वितरक, चित्रगृहे आणि त्यांच्याशी बोलणारे विश्लेषक ह्यांच्यातून तो बाहेर येतो. तेव्हा ४९ कोटी की ५१ कोटी ह्यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या मित्रांनी जरा दमाने घ्यावे.

ह्याच वहीतली आणखी एक गंमत सांगतो. तिला गंमत म्हणावे की दुसरे काही, ते वाचकांनी ठरवावे. हिंदी चित्रपटाचे वितरण देशाचे तुकडे करून होते, त्यांना सर्किट किंवा टेरिटरी म्हणतात. ह्या तुकड्यांचा नकाशा आजच्या राज्यांचा नाही, तो इंग्रजांच्या आणि संस्थानिकांच्या काळचा आहे. मुंबई सर्किटमध्ये मुंबई, ठाणे, कोकण, पश्चिम महाराष्ट्र येतो, तसाच गुजरात येतो, गोवा येतो, कर्नाटकाचे काही जिल्हे येतात. विदर्भ येतो सी. पी. बेरारमध्ये. आणि मराठवाडा? मराठवाडा आजही 'निझाम'मध्ये, हैदराबादबरोबर. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले, धंद्याच्या वहीला ते अजून ठाऊक नाही. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे मराठवाड्यात आमची माणसे लढली, मारली गेली, त्यांची घरे जळाली. त्याच भूमीतल्या तिकिटांचा हिशेब मात्र निझामाच्या नावावर निमूटपणे लिहिला जातो आणि त्याबद्दल कोणाच्याही भावना दुखावत नाहीत.

ह्या नकाशाचा परिणाम आपल्या मुद्द्यावर होतो. हिंदी चित्रपटाचा 'मुंबई'चा आकडा म्हणून जो सांगतात त्यात अहमदाबादचा मॉलही आहे आणि कल्याणचे चित्रगृहही. कल्याण पूर्वेच्या माणसाने चित्रपट उचलून धरला की पाडला, हे त्या आकड्यातून कधीच दिसणार नाही. त्याचे तिकीट मोजले जाते, त्याचे मत वेगळे मोजले जात नाही.

२००१ साली महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणले. नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे करमणूक करात पूर्ण सूट, पुढची दोन वर्षे पाव हिस्सा कर. जुन्या एकपडदा चित्रगृहाचा मालक पूर्ण कर भरत होता आणि त्याच्या शेजारी करमुक्त मॉल उभा राहत होता. मग वंदना, गोपी ह्यांचे काय होणार ते वेगळे सांगायला नको. २०१३ साली ठाण्यात विवियाना मॉल सुरू झाला तोवर आमच्याकडल्या माणसांच्या हे अंगवळणी पडले होते की, चित्रपटाला जायचे तर आधी सरकते जिने, मग तपासणी, मग डबा बाहेर ठेवणे आणि घरच्या चार जणांना मिळून हजाराची नोट. पूर्वी आडनाव न विचारणारी खिडकी होती. आता आडनाव कोणी विचारत नाही हे खरेच, पण खिडकीपर्यंत पोचायचा रस्ताच लांबला.

पडदे वाढले, मग मराठी चित्रपटाला जागा वाढली का? इथे एक जुना किस्सा उपयोगी पडेल. १९७१ साली 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहात जागा मिळेना, देव आनंदच्या हिंदी चित्रपटासाठी त्याला बाजूला सारत होते. शिवसेना मध्ये पडली, चित्रगृह मिळाले, आणि पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. म्हणजे चित्रपट चालण्याआधी तो लागावा लागतो आणि लागण्यासाठी मागे ताकद लागते, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. एप्रिल २०१५ मध्ये शासनाने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली. ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. दुपारी बाराचा खेळ कारखान्यातल्या, दुकानातल्या, शाळेतल्या माणसाने कसा बघावा? त्याच महिन्यात, १७ एप्रिलला, चैतन्य ताम्हाणे ह्यांचा 'कोर्ट' प्रदर्शित झाला. राष्ट्रीय पुरस्कारांत तो त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता. त्यात लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका वीरा साथीदार ह्यांनी केली. ते व्यवसायाने नट नव्हते. चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने ते गेले. एका शाहिराला गाण्यावरून तुरुंगात डांबणारी व्यवस्था इतक्या थंडपणे क्वचितच कोणी दाखवली असेल. हा चित्रपट बघायला मला कामाच्या दिवशी दुपारी रजा टाकून ठाण्याला जावे लागले. दालनात आम्ही मोजकी माणसे. उद्या कोणी हाच आकडा दाखवून म्हणेल की मराठी प्रेक्षकाला 'कोर्ट' नको होता. दुपारच्या त्या खेळाने फक्त एवढे सिद्ध केले की लोक त्या वेळी कामावर होते.

आता 'सैराट'कडे येऊ. २९ एप्रिल २०१६. नागराज मंजुळे ह्यांचा 'फँड्री' दोन वर्षांपूर्वी येऊन गेला होता, जब्याने भिरकावलेला दगड सुजाण प्रेक्षकांना लागला होता. पण तो मुख्यतः सुजाणांनाच लागला. 'सैराट'ने वेगळेच घडवले. पहिल्या तीन दिवसांत सुमारे १२ कोटी, आठवड्यात सुमारे २५ कोटी. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला गर्दी आवरेना म्हणून रात्री बाराला आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. त्या वर्षीच्या जानेवारीतल्या 'नटसम्राट'चा विक्रम मोडून मराठीत पन्नास कोटी आणि मग शंभर कोटी ओलांडणारा तो पहिला चित्रपट ठरला. खर्च चार कोटींच्या आसपास सांगतात. कोणी नामवंत नट नाही, पडद्यावर नवी पोरे, करमाळ्याकडची बोली. कल्याणात मी तो तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पाहिला तेव्हाही बाहेर पाटी लागलेली होती. झिंगाटला पुढच्या रांगा उठून नाचल्या आणि शेवटची दहा मिनिटे कोणी खोकलेही नाही.

दोन वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, त्याच कथेवर हिंदीत 'धडक' आला. उदयपूरचे वाडे, नामवंत घरातली मुले, आणि जात इतकी पातळ केलेली की जिभेला चव लागू नये. त्याचाही जगभरचा एकूण गल्ला सांगतात ११० कोटींच्या आसपास, आणि 'सैराट'चाही सांगतात साधारण तेवढाच. तेव्हा लोकलमधल्या चर्चेत एक मुलगा म्हणाला, 'बरोबरी झाली.' मी त्याला कागद काढायला लावला.

'सैराट'च्या वेळी महाराष्ट्रात मराठी चित्रपटाला करमणूक कर माफ होता. खिडकीवर जमले ते जवळजवळ सगळे नेट. 'धडक' आला तोवर जीएसटी लागू झाला होता आणि शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के दर होता. म्हणजे १२८ रुपयांच्या तिकिटातले २८ सरकारचे. म्हणूनच 'धडक'चा देशातला नेट गल्ला ७४ कोटींच्या घरात दिसतो. हा झाला एक फरक. दुसरा फरक डोक्यांचा. 'सैराट' तालुक्याच्या गावी, एकपडदा चित्रगृहात, स्वस्त तिकिटावर चालला, आणि तोही मुख्यतः एकाच राज्यात. 'धडक' देशभरच्या मल्टिप्लेक्समध्ये. केवळ समजण्यासाठी धरा की एकाचे सरासरी तिकीट शंभराचे आणि दुसऱ्याचे दोनशेचे. ११० कोटी भागिले शंभर म्हणजे एक कोटी दहा लाख तिकिटे. भागिले दोनशे म्हणजे पंचावन्न लाख. रुपये तेवढेच, माणसे निम्मी. कोटींच्या मोजणीत बाल्कनीतल्या एका माणसाला स्टॉलमधल्या दोघांएवढे वजन मिळते. ज्यांनी 'एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य' हे सूत्र बाबासाहेबांकडून घेतले आहे त्यांना ह्यातला अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

परंतु ह्या आकड्याने हुरळून जाणाऱ्या आपल्या मित्रांनाही एक विचारले पाहिजे. 'सैराट' अजून चित्रगृहांत होता त्याच उन्हाळ्याच्या पाठोपाठ, १३ जुलै २०१६ रोजी, कोपर्डीची निर्घृण घटना घडली. तिच्यानंतर ऑगस्टपासून राज्यभर निघालेल्या मोर्च्यांतून ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी पुढे आली. त्या मोर्च्यांतल्या हजारो तरुणांनी दोन-तीन महिन्यांपूर्वी 'सैराट'चे तिकीट काढले होते, झिंगाटवर नाचले होते. तिकीट खोटे नव्हते, नाचही खोटा नव्हता. आर्चीसाठी आला तो, गाण्यासाठी आला तो आणि स्वतःच्या गावातले रक्त आठवून आला तो, तिघांचे पैसे एकाच गल्ल्यात पडले. माणूस का आला हे खिडकीवर लिहून घेत नाहीत.

आणि माणूस का आला नाही, हे तर मुळीच लिहून घेत नाहीत. त्यासाठी 'झुंड'चे उदाहरण मी जरा सविस्तर मांडतो, कारण ते आमच्या जिल्ह्यात मी दिवसागणिक पाहिले आहे. 'झुंड' ४ मार्च २०२२ ला आला. नागराज मंजुळे ह्यांचा पहिला हिंदी चित्रपट, नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे ह्यांच्या कामावर आधारलेला, आणि मध्यवर्ती भूमिकेत अमिताभ बच्चन. भीमजयंतीच्या प्रसंगात बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभे राहतात. हिंदी चित्रपटाच्या पडद्यावर इतक्या मोठ्या नटाबरोबर हे दृश्य यायला किती दशके लागली ते वाचकांनी मोजावे. पहिल्या दिवसाचा गल्ला सुमारे दीड कोटी. लगेच शिक्का बसला: पडला.

त्या दिवशी पडद्यांवर आणखी कोण होते? १८ फेब्रुवारीचा 'पावनखिंड' जोरात चालू होता. २५ फेब्रुवारीचा 'गंगूबाई काठियावाडी' दुसऱ्या आठवड्यात होता. ४ मार्चलाच हॉलिवूडचा 'द बॅटमॅन' लागला. त्यात 'झुंड'ची लांबी तीन तासांच्या जवळ. लांब चित्रपटाचा एका पडद्यावर दिवसाला एक खेळ तरी कमी बसतो, म्हणून व्यवस्थापक त्याला आधीच नाखूष असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे करोनाचे निर्बंध. त्याच ४ मार्चपासून चित्रगृहे पूर्ण क्षमतेने चालवण्याची मुभा शासनाने ज्या १४ जिल्ह्यांना दिली त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, रायगड होते. ठाणे जिल्हा त्या यादीत नव्हता. मुलुंडला सगळ्या खुर्च्या खुल्या आणि एका स्टेशनानंतर ठाण्याला निम्म्याच. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ ह्या सलग पट्ट्यात 'झुंड'चा जो हक्काचा प्रेक्षक होता, त्याच्यासाठी पहिल्या शुक्रवारी निम्मे दालन बंद होते. देशभरच्या आकड्यात ही तळटीप कुठे दिसते?

आता तारखा पाहा. आमच्या भागातला कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कारखान्यातला हेल्पर ह्यांचा पगार कधी होतो? १९३६ च्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला सात तारखेपर्यंत आणि मोठ्या आस्थापनेला दहा तारखेपर्यंत मुदत दिली होती. कंत्राटदार ती मुदत शेवटच्या तासापर्यंत वापरतो, हे कामगार संघटनांत काम केलेल्यांना सांगायला नको. ४ तारखेला खिसा रिकामा. ७ ते १० तारखेच्या दरम्यान पैसे हातात. ११ तारखेला 'द कश्मीर फाइल्स' आणि 'राधे श्याम' लागले. आमच्या जवळच्या एका मल्टिप्लेक्समध्ये त्या दुसऱ्या शुक्रवारपासून 'झुंड'ला एक खेळ सकाळी आणि एक रात्री उशिरा एवढाच उरला. रात्री साडेदहाला सुरू होणारा तीन तासांचा चित्रपट दीडनंतर सुटतो. बदलापूरच्या, टिटवाळ्याच्या माणसाने मग पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत फलाटावर बसायचे काय? माझ्या ओळखीचे कल्याण पूर्वेतले एक मंडळ रविवारी, १३ तारखेला, वीस-पंचवीस पोरे घेऊन निघाले होते. सोयीचा खेळ नव्हता, ती गेली नाहीत. ती पोरे पुढे 'प्रेक्षकांनी नाकारले' ह्या वाक्यातल्या प्रेक्षकांत मोजली गेली.

'द कश्मीर फाइल्स'चा पहिला दिवस साडेतीन कोटींचा होता आणि शेवटी तो २५० कोटींच्या पुढे गेला. मध्ये काय घडले? गुजरात, मध्य प्रदेश, हरियाणा अशा अनेक राज्यांनी तो करमुक्त केला. सत्तेतल्या मोठमोठ्या माणसांनी त्याची वाखाणणी केली. महाराष्ट्रात तो करमुक्त झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे. 'झुंड'च्या निर्मात्या सविता राज हिरेमठ ह्यांनी तेव्हा जाहीरपणे विचारले की, चित्रपट करमुक्त करण्याचे निकष कोणते आणि आमचा चित्रपट त्यात का बसत नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर आले नाही. लोकांनी तिकिटे काढली हे मी नाकारत नाही, ती काढलीच. पण एका चित्रपटाच्या पाठीशी राज्ये उभी राहतात आणि दुसऱ्याला पगाराच्या तारखेपर्यंतही पडदा मिळत नाही, आणि मग दोघांचे आकडे शेजारी मांडून 'लोकांचा कौल' म्हणतात, ही मोजणी मला मान्य नाही.

काही चित्रपट तर ह्या मोजणीत येतच नाहीत. जब्बार पटेल ह्यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' शासनाच्या पैशातून झाला, मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००० साली तो आला आणि चित्रगृहांतून लवकरच गेला. आमच्या वस्तीत मात्र तो एप्रिल आला की पांढऱ्या पडद्यावर लागतो, आणि आज ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांनी तो लहानपणी सतरंजीवर बसून पाहिला आहे. रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून सुरू होणारा आनंद पटवर्धन ह्यांचा 'जय भीम कॉम्रेड' वस्त्यावस्त्यांतून दाखवला गेला. तमिळ 'जय भीम' २०२१ साली थेट मोबाइलवर आला, त्याला तिकीटच नव्हते. व्यापाराच्या दृष्टीने ह्या सगळ्यांपुढे शून्य किंवा शून्याजवळचे काहीतरी आहे.

नव्या पिढीच्या आकडेबाजीबद्दल मला तक्रार नाही. उलट तिच्यात एक चांगले हत्यार दडले आहे. तिकिटांच्या ॲपवर दालनाचा नकाशा दिसतो, गेलेल्या खुर्च्यांचा रंग वेगळा असतो. आमच्या गल्लीतली दोन मुले खेळ सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी ह्या खुर्च्या मोजतात. एखाद्या पुढाऱ्याने कार्यकर्त्यांसाठी अख्खा खेळ विकत घेतला की रांगाच्या रांगा एकाच क्षणी रंग बदलतात, तेही त्यांना ओळखता येते. ही मुले आतापर्यंत आपल्या आवडत्या नटासाठी मोजत होती. मी त्यांना आणखी तीन रकाने आखून दिले: खेळाची वेळ, सर्वांत स्वस्त तिकिटाचा दर आणि खेळ काढला तो दिवस. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आहे, त्यावरचा १८ टक्के कायम आहे. तेव्हा शंभराच्या आतले तिकीट आपल्या पट्ट्यात कुठे, कोणत्या वाराला आणि कोणत्या खेळाला मिळते, ही नोंदही ती करू लागली आहेत. ठाणे, मुंब्रा, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ इथल्या शिक्षक-विद्यार्थी मित्रांनी आपापल्या गावापुरती अशी वही ठेवली तर पुढच्या वेळी 'चालला नाही' असे कोणी म्हणताच तारीखवार कागद पुढे ठेवता येईल. सुरुवात कोणत्याही शुक्रवारपासून करावी, फक्त महिन्याच्या एक ते दहा तारखांमधली नोंद चुकवू नये.